आग्रा रोडनं आग्र्याला

नाशिकच्या माणसाच्या आयुष्यात आग्रा रोड रोज येतो, आग्रा कधीच येत नाही. लग्नाचं लॉन्स आग्रा रोडला, हाडांचा दवाखाना आग्रा रोडला, आणि फ्लॅट विकणारा 'आग्रा रोड टच' एवढं म्हणून दर वाढवतो. शहरात जुना आग्रा रोड आहे, तो सीबीएसच्या रिक्षांमध्ये अडकून पडलेला असतो. नवा आहे, तो उड्डाणपुलावरून द्वारकेच्या गर्दीकडे न बघता निघून जातो. या रस्त्यानं आपण ओझरला विमान पकडायला जातो, पिंपळगावला द्राक्षं आणायला जातो, नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेला जातो. धुळ्याला कुणी सोयरं असलं तर धुळ्यापर्यंत. धुळ्याला पोचून बाजारात जावं तर तिथली बाजारपेठही आग्रा रोडलाच. एवढं अंतर कापून आपण पुन्हा आग्रा रोडलाच येतो म्हटल्यावर पुढं जायची उमेद कुणाला राहणार?

सरकारनं २०१० मध्ये महामार्गांचे आकडे बदलले. आमचा तीन नंबर काढून घेतला आणि अटारी-मनाली-लेहच्या रस्त्याला दिला. आता आग्र्याला जाणारा माणूस आधी साठ, मग बावन्न, मग सेहेचाळीस आणि शेवटी चव्वेचाळीस नंबरच्या रस्त्यानं जातो. नाशिककरानं या बदलाची दखल घेतलेली नाही. पत्ता विचारला तर तो आजही 'आग्रा रोड' म्हणतो आणि हात मात्र ओझरकडे दाखवतो.

आग्र्याला जाऊन परत येण्याचा आपल्याकडचा सगळ्यांत गाजलेला प्रवास १६६६ सालचा. पुढच्या शतकात शिंदे, होळकर, पवार या वाटांनी वर गेले, पण ते तिकडेच राहिले. त्यानंतर नाशिकच्या माणसानं मुद्दाम गाडी काढून जावं असं काही कारण उरलं नव्हतं.

ते कारण माझ्या मित्राला सापडलं. (नाव छापू नकोस, असं त्यानं बजावलं आहे. त्यामुळे तो इथं नुसता मित्र.) १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघाला. ३,००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० नाके, यातलं जे आधी संपेल ते. मित्र बँकेतून निवृत्त झालेला. त्यानं उत्साहानं पास काढला, मग भागाकार केला. एक नाका पंधरा रुपयांना पडत होता. इथपर्यंत तो सुखी होता. नंतर त्याच्या लक्षात आलं की आपण इंदिरानगरहून भाजी आणायला जातो आणि घरी येतो, आणि या वाटेत नाका लागत नाही. डिसेंबर उजाडला तरी पास जवळजवळ कोरा. त्याला झोप लागेना.

"समृद्धीनं नागपूरला जाऊ," मी म्हटलं. "सिन्नरजवळ चढलं की साडेपाचशे किलोमीटर सरळ."

"तो राज्याचा रस्ता. तिथं हा पास चालत नाही."

लोक प्रवास ठरवताना देवळं बघतात, किल्ले बघतात, निदान हॉटेलं तरी बघतात. यानं नकाशावर नाके बघितले. आग्रा रोडला भरपूर होते. अशा रीतीनं या जानेवारीत आम्ही आग्र्याला निघालो. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाच माणसांना पुरेल इतका चिवडा मिळाला. निघताना बायको एवढंच म्हणाली, "आग्र्याला चाललाय, सुटून या." तिचा रोख आग्र्याकडे होता की मित्राकडे, ते मी विचारलं नाही.

गाडी मित्राची, त्यामुळे चालवणार तोच. मला चालवायला देत नाही, कारण मी म्हणे क्लचवर पाय ठेवून बसतो. पण शेजारच्या सीटवर बसणं ही विश्रांती आहे असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून द्यायचं आणि लावून घ्यायचं. संत्रं सोलायचं, बिया काढायच्या. "डावीकडून कुणी येतंय का बघ रे," म्हटलं की बघायचं, आणि आपण "ये" म्हणायच्या आत तो वळलेला असतो, हे समजून घ्यायचं. नकाशातली बाई 'तीनशे मीटरवर डावीकडे वळा' म्हणाली की तेच आपण मराठीत पुन्हा म्हणायचं, कारण बाई मराठीतच बोलत असली तरी मित्राचा तिच्यावर विश्वास नाही. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे त्याच्या बँकेतल्या गोष्टींना हुंकार देणं. हुंकार चुकीच्या जागी पडला तर तो गोष्ट मागून सुरू करतो.

हजार किलोमीटरच्या वाटेवरचा आमचा पहिला थांबा शहराची हद्द संपायच्या आत आला. मिसळ. "पुढं अशी मिळणार नाही," मित्र म्हणाला. पापड चुरून झाला, वरून दही झालं, तर्री दोनदा मागून झाली. हे वाक्य या प्रवासात मी इतक्या वेळा ऐकलं की त्याचं शास्त्र मला कळलं आहे. पिंपळगावच्या पुढं द्राक्षांसाठी थांबलो, पुढं अशी मिळणार नाहीत. चांदवडला देवीचं दर्शन झालं, मग चहा, पुढं असा मिळणार नाही. धुळ्याला शेवभाजी, हे तर उघडच होतं. राहूड घाट, मालेगाव, सगळं मी पेंगत बघितलं. पुढं जे मिळणार नाही ते पोटात भरून घेत आम्ही अशा बेतानं चाललो होतो की मध्य प्रदेशात जणू दुष्काळ पडला आहे.

शिरपूर, पळासनेर ओलांडलं की बिजासन घाट लागतो. लादलेले ट्रक कण्हत चढत असतात, वर बिजासनमातेचं देऊळ, आणि पाट्यांवरचं 'आपले स्वागत आहे' बदलून 'आपका स्वागत है' होतं. इथून मित्राचं हिंदी सुरू झालं.

त्याची अशी ठाम श्रद्धा आहे की रस्ता हा माणसालाच विचारायचा असतो. नकाशात निळी रेघ सरळ दिसत असली, रस्त्याला वळणच नसलं, दोन्ही बाजूंना फक्त गहू असला, तरी तो पानटपरी दिसली की काच खाली करतो. "भैया, इंदूर को आगे डावी बाजू को वळना पडता क्या?" टपरीवाला आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघतो. "सीधे निकल जाओ," तो म्हणतो. सेंधव्यापासून आग्र्यापर्यंत आम्हाला मिळालेलं हे एकमेव उत्तर. चौकात उभे राहून विचारलं तरी 'सीधे', रस्ता समोर नदीत उतरत असला तरी 'सीधे'. मित्र मात्र दरवेळी समाधानानं काच वर करून म्हणायचा, "बघ. माणूस सांगतो ते वेगळं." नाशिकला हे सुख नाही. आपल्याकडे 'तो सिनेमा होता ना, तिथून उजवीकडे' असं सांगतात. सिनेमा पाडून पंधरा वर्षं झालेली असतात.

खलघाटला नर्मदा ओलांडताना त्यानं पुलावर गाडी हळू केली, नमस्कार केला आणि मला नाणं टाकायला सांगितलं. काच उघडून नाणं फेकलं, ते कठड्याला लागून परत गाडीत आलं. "तुझंच ठेव म्हणाली," मित्र म्हणाला आणि गियर बदलला.

इंदूरला मुक्काम. तिथं आपल्या या रस्त्याला ए. बी. रोड म्हणतात, म्हणजे आग्रा-बॉम्बे. आपण मुंबई आधी धरतो, ते आग्रा आधी धरतात, एवढाच फरक. हॉटेलच्या पोऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ए बी मतलब ए बी, साहब." त्यालाही आग्र्याला जायचं नसावं. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात पहिल्या नंबरावर आहे, याची मित्रानं फारच धास्ती घेतली. खाल्लेल्या केळ्याची सालं टाकायला कचऱ्याची पेटी समोर दिसत होती. ओल्याची आणि सुक्याची, दोन होत्या. केळ्याचं साल ओलं हे त्याला ठाऊक होतं, पण ते धुळ्यापासून डॅशबोर्डवर पडून वाळलं होतं. चूक झाली तर दंड करतील म्हणून ती सालं त्यानं देवासपर्यंत जवळ ठेवली.

सकाळी पोहे-जिलबी. पोहे वाफेवर धरलेले, वर शेव, जीरावन, बारीक कांदा, डाळिंबाचे दाणे. पहिला घास घेऊन मित्र थांबला. दातांत काहीतरी आलं होतं. ते त्यानं बोटावर काढून चष्म्यासमोर धरलं.

"पोह्यात बडीशेप!"

"बडीशेपेनं पित्त होत नाही," शेजारून आवाज आला. कानटोपी, मफलर, हातात पोह्यांचा द्रोण घेतलेले एक आजोबा उभे होते. "आपण नाशिकचे दिसता. पाटी वाचली गाडीची. एमएच पंधरा."

"हां, हम लोग नासिक का है," मित्र म्हणाला. आदला दिवस हिंदीत काढल्यामुळे समोरच्यानं मराठीत विचारलेलं त्याच्या ध्यानातच आलं नाही. आजोबांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की आपण दोघं गप्प राहिलो तर बरं, असं मला वाटलं. आपलं घराणं मूळचं कुठलं, ते सांगताना ते सहज म्हणाले, "आम्ही होळकरांबरोबर आलो." हे अशा सुरात की मित्रानं विचारलं, "मग परत कधी गेला नाहीत का?"

आजोबांनी त्याच्याकडे बघून द्रोण ठेवला आणि विषय सिंहस्थावर नेला. नाशिकचा २०२७ ला, उज्जैनचा २०२८ ला. मग त्या दोघांत जी चढाओढ लागली ती मी जिलबी खात ऐकली. मित्रानं नाशिकला कुठं कुठं खोदून ठेवलंय ते सांगितलं. आजोबांनी इंदूर-उज्जैन मार्गाचं सांगितलं. मित्रानं धूळ सांगितली. आजोबांनी धूळ आणि शिवाय वळणरस्ते सांगितले. कुणीच हटेना. शेवटी, "पण आमचा सिंहस्थ आधी आहे," या मुद्द्यावर नाशिक जिंकलं आणि पोह्यांचे पैसे आजोबांनी दिले.

देवास इंदुरापासून अगदी जवळ, पण तिथं आमचा वेळ गेला तो वाटणीत. देवासला पवारांच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे चाललं. मी मोबाइलवरून वाचून दाखवत होतो. मित्रानं गाडी बाजूला घेतली. जुन्या नाशकातल्या त्यांच्या वाड्याची वाटणी चुलतभावांत तीन पिढ्या रखडली आहे, त्यामुळे अशा विषयात तो वरवरचं ऐकत नाही.

"विहीर कुणाकडे गेली?" त्यानं विचारलं.

विहिरीचं काही दिलेलं नव्हतं.

"मग ती वाटणी खरी नव्हे," तो म्हणाला.

याच गावात नोटांचा छापखाना आहे. देशात नोटा छापतात त्या नाशिकरोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी अशा चार ठिकाणी. म्हणजे आम्ही नोटा छापणाऱ्या एका गावातून निघून दुसऱ्यात आलो होतो, आणि चहावाल्याला द्यायला दहाचे सुटे नव्हते. कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि देवासचेच झाले, म्हणून निदान या टापूत तरी त्यांचं गाणं लावू, असं मी सुचवलं. मित्रानं नकार दिला. तानेबरोबर त्याचा ॲक्सिलरेटरवरचा पाय हलतो म्हणे. पुढचा सगळा प्रवास त्याच्या पेनड्राइव्हवर झाला. त्यात ऐंशीच्या दशकातली जी गाणी होती ती ऐंशीच्या दशकातही कुणी ऐकत नव्हतं.

शाजापूर, सारंगपूर, ब्यावरा, गुना. इथं काय बघितलं म्हणाल तर गहू आणि मोहरी. आमच्यात बोलणं संपलं होतं. इतक्या वर्षांच्या दोस्तीत आम्ही सलग इतका वेळ कधी एकत्र बसलोच नव्हतो. कट्ट्यावरचा मित्र तासाभरात उठून घरी जातो, म्हणून तो बरा वाटतो. इथं तो उठत नाही. तो दर दहा मिनिटांनी नाकानं एक आवाज काढतो, हे मला गुन्याच्या अलीकडे समजलं. मी खिडकीबाहेर बघताना पाट्या मोठ्यानं वाचतो, हे त्यानं गुन्याच्या पलीकडे मला सांगितलं.

शिवपुरीला त्यानं आपण होऊन गाडी थांबवली. १८ एप्रिल १८५९ ला तात्या टोपे यांना याच गावी, तेव्हाच्या शिप्रीला, फाशी दिलं. तात्या मूळचे येवल्याचे. पुतळ्याखाली उभं राहून मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग तिथं शाळकरी पोरं फोटो काढत होती, त्यांना त्यानं सांगायला घेतलं, "ये हमारे जिल्हे के है." पोरांना वाटलं, आजोबा नातेवाईक असावेत. त्यांनी याच्याबरोबरही फोटो काढला. तो त्यानं नाकारला नाही.

थंडीबद्दल थोडं सांगायला हवं. नाशिक जिल्ह्यात थंडीचा अभिमान निफाडकडे असतो. जानेवारीत 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी पहिल्या पानावर येते आणि मित्र ती कात्रण काढल्यासारखी सगळ्यांना पाठवतो. घरून निघताना त्यानं एकच हाफ स्वेटर घेतला होता, कारण निफाड बघितलेल्या माणसाला थंडी काय शिकवणार. ग्वाल्हेरला उतरल्यावर हातातून किल्ली पडली तर ती त्याला उचलता येईना, बोटंच मिटत नव्हती. लॉजवाल्याला त्यानं विचारलं, आज काही विशेष थंडी पडली आहे का. तो म्हणाला, "नहीं साहब, आज तो अच्छा है." त्यानंतर या प्रवासात निफाडचं नाव निघालं नाही. मित्र गरम टोपी घेऊन आला. ती बायकांची होती, हे मी त्याला नाशिकला पोचेपर्यंत सांगितलं नाही.

जयविलास राजवाड्यात दोन प्रचंड झुंबरं आहेत. ती छताला पेलतील का, हे बघायला म्हणे आधी छतावर हत्ती चढवले होते, असं तिथं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आम्ही दोघांनी वर बघितलं आणि एकाच वेळी दोन पावलं मागं सरकलो. पण मित्राचं मन गुंतलं ते चांदीच्या आगगाडीत. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले, आणि त्यांवरून पाहुण्यांपुढं ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरणारी छोटी चांदीची गाडी.

"हे पंगतीला पाहिजे," तो म्हणाला. "मठ्ठा, कोशिंबीर, चटणी. वाढप्याच्या मागं ओरडायला नको." थोडं पुढं जाऊन परत आला. "पण नवरदेवाचे मित्र बसतात त्या टोकाला ती गाडी रिकामी पोचेल."

मुरैन्याच्या पुढं चंबळ. मित्र लहानपणापासून डाकूंचे सिनेमे बघत आलेला. त्यानं नदीच्या आधीच घड्याळ काढून मोज्यात ठेवलं. दोन्ही बाजूंना मातीच्या घळी, अगदी सिनेमातल्यासारख्या. कुणी आडवं आलं नाही. आले ते गजक विकणारे, आणि त्यांनी जे पैसे घेतले त्याची मित्र अजून डाकूंशी तुलना करतो. चंबळ ओलांडली की मध्य प्रदेश संपतो, राजस्थानचं धौलपूर येतं, ते नीट कळायच्या आत उत्तर प्रदेश लागतो. प्रत्येक राज्यात फोनवर स्वागताचा संदेश येत होता आणि मित्र पासाचा उरलेला आकडा बघत होता.

आग्र्यात शिरताना आम्ही पाट्या बघत होतो. आपल्या गावात त्यांच्या नावाचा एवढा रस्ता, त्यांनीही काही केलं असेल. आम्ही ज्या रस्त्यानं आलो त्याचं नाव तिथं ग्वाल्हेर रोड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजमहाल. तिकीट ५० रुपये, आत कबरीपर्यंत जायचं तर आणखी २००. "वार्षिक काही नाही का?" मित्रानं खिडकीशी विचारलं. आत गेलो तर धुकं. धुकं म्हणजे नाशिकला गंगापूर धरणावर पडतं तसलं नव्हे. समोरच्या माणसाची पाठ दिसत होती, डोकं नव्हतं. लोक एका दिशेला तोंड करून उभे होते, म्हणून आम्हीही त्या दिशेला तोंड केलं. एक फोटोवाला धावत आला. "साहब, फोटो में ताज आ जायेगा, गॅरंटी." कसा येईल विचारल्यावर म्हणाला, "बाद में डालेंगे." कबरीपर्यंतचं तिकीट काढलेलं होतं, तेव्हा बुटांवर पिशव्या चढवून आम्ही लोकांच्या पाठोपाठ चालत गेलो आणि एका ठिकाणी हाताला थंडगार दगड लागला. मित्रानं तो तळव्यानं चाचपला, फुलांची नक्षी बोटांनी मोजली, खिडकीच्या जाळीत बोट घालून बघितलं. "काम चांगलं आहे," तो म्हणाला. बाहेर येऊन त्यानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. पूर्ण पांढरा. खाली लिहिलं, ताजमहाल. चार जणांनी अंगठे दाखवले.

पेठे घेतले आणि परतीला लागलो, पण ग्वाल्हेर रोडलाच एका ढाब्यावर थांबावं लागलं. धुक्यामुळे सगळी वाहनं कडेला होती. पुढं एक ट्रक उभा, मागची पाटी एमएच पंधरा. मित्र गाडीतून जवळजवळ उडी मारून उतरला. ड्रायव्हर बाजेवर घोंगडी घेऊन बसला होता.

"कुठले, दादा?"

"पिंपळगाव. तुम्ही?"

"इंदिरानगर! काय भरलंय?"

"कांदा. दिल्लीला."

"काय भाव गेला?" हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कांद्याचा ट्रक बघितल्यावर विचारावाच लागतो, तुमचा कांद्याशी संबंध असो नसो.

"भाव शेतकऱ्याला माहीत, व्यापाऱ्याला माहीत. मला भाडं माहीत," तो म्हणाला. "तुम्ही इकडं कुणीकडं?"

"ताजमहाल बघितला."

त्यानं धुक्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "कधी?"

"आत्ता. तुम्ही बघितला असेल ना?"

"नाही बुवा. चौदा वर्षं झाली या लाइनवर. दिवसा गाडी शहरात घेऊ देत नाहीत, आणि रात्री बघून करायचं काय?" चिवड्याची पिशवी आम्ही त्याच्यापुढं केली. त्यानं मूठभर घेतला, दाणे वेचून बाजूला केले आणि आधी दाणे खाल्ले. मित्रानं मग त्याला पासाची सगळी योजना समजावली. ३,००० रुपये, २०० नाके, नाका पंधरा रुपयांना. ड्रायव्हर शांतपणे ऐकत होता.

"ट्रकला आहे का हा पास?"

"नाही. खासगी गाडीलाच."

"म्हणजे जो या रस्त्यावर पोट भरतो त्याला नाही. जो उगीच फिरतो त्याला आहे."

यावर मित्राला काही सुचलं नाही. ड्रायव्हरनं हात झटकले आणि मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. पिंपळगावच्या माणसाला तो कॅल्क्युलेटरशिवाय येतो.

"मग साहेब, तीन हजाराचा पास वसूल करायला जाऊन-येऊन डिझेल किती जाळलं म्हणायचं?"

मित्र थोडा वेळ टोपी नीट करत राहिला.

"पेट्रोल आहे," तो म्हणाला.